प्रेशर वॉशरसाठी योग्य नोझल कोणते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोझलचा रंग नेमके काय सांगतो?

रंग फवाऱ्याचा कोन सांगतो, दुसरे काही नाही. प्रचलित संकेतानुसार लाल म्हणजे ० अंश, पिवळा १५ अंश, हिरवा २५ अंश, पांढरा ४० अंश आणि काळा ६५ अंश. लाल नोझलमधून पाण्याची सरळ, बारीक धार निघते. बाकीच्यांतून पाणी पंख्यासारखे पसरते. काळे नोझल साबण फवारण्यासाठी असते, आणि त्याचे भोकही इतरांपेक्षा बरेच मोठे असते.

लाल नोझल जास्त दाबाचे आणि पांढरे कमी दाबाचे, असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. एकाच संचातील लाल, पिवळे, हिरवे आणि पांढरे ही चारही नोझल आळीपाळीने लावून पंपावरचे दाबमापक पाहिले, तर काटा जवळपास एकाच जागी राहतो. फरक पडतो तो तेवढाच जोर किती जागेवर पसरतो यात.

रंगांचा हा संकेत सर्वच उत्पादक काटेकोरपणे पाळत नाहीत. त्यामुळे नोझलच्या अंगावर कोरलेला आकडा हाच अंतिम पुरावा मानावा.

मग दाब कशावर ठरतो?

दाब भोकाच्या मापावर ठरतो. पंप दर मिनिटाला ठरावीक पाणी पुढे ढकलत असतो. ते पाणी जेवढ्या अरुंद वाटेतून बाहेर पडेल, तेवढा दाब चढतो. दाब पंपात ‘तयार’ होतो असे आपण बोलताना म्हणतो, पण पंप फक्त पाणी ढकलतो आणि अडवण्याचे काम नोझल करते. नोझल काढून ट्रिगर दाबला, तर तेच यंत्र बागेतल्या पाइपासारखे पाणी सोडते.

भोकाचे माप नोझलवर क्रमांकाच्या रूपात असते. २५०४० असे कोरलेले असेल, तर पहिले दोन अंक कोन सांगतात, म्हणजे २५ अंश, आणि पुढचे ०४० म्हणजे क्रमांक ४.०. काही नोझलवर हेच २५०४ असे चार अंकांत लिहिलेले असते. क्रमांक ४.० चा अर्थ असा की ४००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, दाब मोजण्याचे एकक) दाबाला त्या भोकातून मिनिटाला ४ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण १५ लिटर पाणी जाते. घरगुती आणि मध्यम यंत्रांना लागणारी भोके जेमतेम एक ते सव्वा मिलिमीटर व्यासाची असतात. त्यामुळे अर्ध्या क्रमांकाचा फरक डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला मात्र तो लगेच जाणवतो.

माझ्या यंत्राला कोणता क्रमांक लागेल?

यंत्रावरच्या माहितीच्या पट्टीवरून दोन आकडे घ्यावेत: कामाचा दाब (बारमध्ये, हेही दाबाचे एकक) आणि त्या दाबाला मिळणारा प्रवाह (मिनिटाला लिटरमध्ये). मिनिटाच्या लिटरना ४.४ ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला दाबाच्या वर्गमुळाने भागावे. उत्तर म्हणजे नोझलचा क्रमांक.

उदाहरणार्थ, यंत्र १३० बारला मिनिटाला ८ लिटर देत असेल, तर ८ गुणिले ४.४ म्हणजे ३५.२, १३० चे वर्गमूळ सुमारे ११.४, भागाकार ३.१. या यंत्राला ३.० क्रमांकाचे नोझल लागते. २०० बार आणि १५ लिटरच्या मोठ्या यंत्रासाठी हाच हिशोब ४.७ वर येतो. अशा वेळी ४.५ घ्यावे की ५.०, हा प्रश्न पडतो. ४.५ लावल्यास दाब सुमारे २१४ बारवर चढतो आणि ५.० लावल्यास सुमारे १७३ बारवर उतरतो. पट्टीवर दिलेला कमाल दाब २१४ बारपेक्षा पुरेसा वर असेल तरच ४.५ घ्यावे, शंका असेल तर ५.० घ्यावे. थोडा कमी दाब फक्त वेळ खातो, जास्त दाब पंप खातो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो. कमाल प्रवाहही वेगळा दिलेला असतो, आणि ते दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी मिळत नाहीत. हिशोब नेहमी कामाच्या दाबावर करावा.

चुकीचा क्रमांक लावला तर काय बिघडते?

वरच्याच ८ लिटरच्या यंत्राला ३.५ क्रमांकाचे नोझल लावले, तर दाब सुमारे १०० बारवर येतो, ४.० लावले, तर ७७ बारच उरतात. यंत्राचे काही बिघडत नाही, पण मालकाला ते ‘म्हातारे’ झाल्यासारखे वाटते आणि पंपाची दुरुस्ती सुरू होते.

उलट दिशेने २.५ लावले, तर हिशोबाने दाब १९० बारच्या पुढे जायला हवा. तिथपर्यंत पोहोचण्याआधी अनलोडर व्हॉल्व्ह उघडतो आणि काही पाणी पंपातच फिरवतो. मग दाब हेलकावे घेतो, मोटर कण्हू लागते, फिरणारे पाणी तापते आणि पंपाच्या सिलांचे आयुष्य घटते. लहान भोकाने जास्त ताकद मिळेल या आशेने केलेला हा प्रयोग म्हणूनच महाग पडतो.

कोन आणि अंतर यांचा एकमेकांशी काय संबंध आहे?

नोझलपासून ३० सेंटिमीटरवर १५ अंशाचा पट्टा सुमारे ८ सेंटिमीटर रुंद असतो, २५ अंशाचा १३ आणि ४० अंशाचा जवळपास २२ सेंटिमीटर. पाणी तेवढेच, वेगही तोच. पण ४० अंशाचा फवारा पंधराच्या तुलनेत पावणेतीनपट रुंदीवर वाटला गेलेला असतो. अंतर निम्मे केले की पट्टाही निम्मा होतो आणि मार दुपटीहून तीव्र होतो, कारण जवळ आल्यावर थेंबांचा वेगही हवेत कमी झालेला नसतो.

म्हणजे पांढरे नोझल १० सेंटिमीटरवर धरले, तर पट्टा ७ सेंटिमीटरचाच उरतो आणि ३० सेंटिमीटरवरच्या पिवळ्या नोझलइतका तो तिखट होतो. ‘मी तर पांढरेच लावले होते, तरी रंग उडाला’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. रंग नोझलमध्ये निवडला जातो, पण खरा कोन मनगट ठरवते.

सुरुवात नेहमी रुंद कोनाने आणि लांबून करावी. दीड-दोन फुटांवरून एखाद्या कोपऱ्यात फवारून पाहावे. मळ हलत नसेल तर हळूहळू जवळ यावे. २० सेंटिमीटरपर्यंत येऊनही भागत नसेल तरच पुढचा अरुंद कोन लावावा. हा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण एकदा खरवडला गेलेला पृष्ठभाग कोणत्याही नोझलने पूर्ववत होत नाही.

काँक्रीट आणि फरसबंदीसाठी कोणते नोझल वापरावे?

हिरवे, म्हणजे २५ अंशाचे. साधी धूळ, शेवाळ आणि चाकांचा चिखल त्याने निघतो. तेलकट डागांवर पिवळे लावायचा मोह होतो; मात्र तेल आधी डिग्रीझरने (तेल-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने) सैल केले नाही, तर पिवळे नोझल तेलाऐवजी काँक्रीटचा वरचा सिमेंटाचा थर उचलते, आणि तिथे वाळूचे कण उघडे पडून खरखरीत पांढुरका चट्टा उरतो. ताज्या काँक्रीटवर हे फार लवकर घडते.

पंख्याचा पट्टा हाताच्या चालीला आडवा येईल असे नोझल फिरवून घ्यावे आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निदान एक तृतीयांश चढवावा, कारण पंख्याच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा दुबळ्या असतात. फेरे एकमेकांवर चढले नाहीत, तर ओल्या फरशीवर सगळे छान दिसते आणि ती वाळली की पट्टेदार रांगा उमटतात. फरसबंदीच्या सांध्यांत वाळू भरलेली असेल, तर धार सांध्याच्या रेषेत न धरता तिरपी धरावी, नाहीतर वाळू उडून फरशा हलू लागतात.

लाकडावर प्रेशर वॉशर वापरता येतो का?

येतो, पण सर्वात जास्त नुकसान इथेच होते, आणि ते करणाऱ्यांत मीही आहे. एका जुन्या बाकावरचे शेवाळ पांढऱ्या नोझलने लवकर निघेना, म्हणून मी पिवळे लावून हातभर अंतरावरून दोन फेरे मारले. ओले असताना फळी नव्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर हात फिरवला, तर तळव्याला मांजराच्या जिभेसारखा खरखरीतपणा लागला: मऊ भाग पाण्याने खाल्ले होते, कठीण रेषा उंचवट्यासारख्या उभ्या राहिल्या होत्या, आणि मी जिथे क्षणभर थांबलो होतो तिथे बोटभर लांबीची खाच होती. पूर्ण बाक पुन्हा घासावा लागला.

मऊ लाकडासाठी ३५ ते ४० बार पुरेसे असतात, कठीण लाकूड त्याहून जास्त सोसते. १३० बारच्या यंत्रावर फक्त कोन बदलून एवढा दाब उतरत नाही; त्यासाठी क्रमांक मोठा घ्यावा लागतो. ८ लिटरच्या यंत्राला ५.५ क्रमांकाचे ४० अंशी नोझल लावले, तर दाब सुमारे ४० बारवर येतो. लाकडाची कामे वारंवार निघत असतील, तर असे एक नोझल वेगळे ठेवणे फायद्याचे आहे. फवारा तंतूंच्या दिशेने चालवावा, ट्रिगर फळीच्या बाहेर दाबावा आणि बाहेरच सोडावा.

गाडी आणि दुचाकी धुताना काय लावावे?

पांढरे, आणि अंतर किमान ३० सेंटिमीटर. जिथे रंगाचा टवका उडालेला आहे किंवा पुन्हा रंगकाम झालेले आहे, तिथे आणखी लांबून. टायरच्या बाजूच्या भिंतीवर अरुंद धार जवळून कधीही मारू नये. रबराला बाहेरून फारसे काही दिसत नाही, पण आतल्या धाग्यांना इजा होऊन टायर नंतर चालत्या गाडीत दगा देऊ शकतो. दुचाकीच्या चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर आणि विजेच्या जोडण्यांवर थेट फवारा धरल्यास पाणी सिलांच्या आत शिरते आणि वंगण बाहेर येते. रेडिएटरच्या पातळ पात्यांवर तिरपी धार मारली, तर ती आडवी होतात. लांबून, समोरून आणि पांढऱ्यानेच धुवावे.

रंगवलेल्या आणि विटांच्या भिंतींसाठी?

पांढरे किंवा हिरवे, आणि फवारा वरून खाली उतरणारा. खालून वर मारलेले पाणी सांध्यांच्या, खिडक्यांच्या चौकटींच्या आणि आच्छादनांच्या मागे शिरते आणि आत ओल धरते. जुन्या विटांच्या भिंतीत दोन विटांमधला चुना किंवा सिमेंट नखाने सुटत असेल, तर प्रेशर वॉशर नकोच. पोपडे आलेला रंग उतरवायचाच असेल, तर हिरवे नोझल पोपड्याच्या कडेखाली तिरपे धरल्याने तो सोलल्यासारखा निघतो.

लाल नोझल वापरावे तरी कधी?

फार क्वचित. जाड धातूवरचा घट्ट गंज, यंत्राच्या फाळावर वाळून दगड झालेला चिखल, काँक्रीटला चिकटलेले च्युइंग गम, एवढ्या कामांना त्याचा उपयोग आहे. लाकूड, रंग, काच, रबर आणि विटा यांच्याजवळ ते आणू नये. ज्यांच्याकडे टर्बो नोझल (फिरत्या धारेचे, पुढच्या प्रश्नात पाहा) आहे त्यांना लाल नोझलची गरज जवळजवळ उरत नाही, आणि माझ्या मते ते संचातून काढून वेगळ्या डबीत ठेवणेच शहाणपणाचे, कारण घाईत हाताला लागलेले नोझल लाल निघाले तर पहिल्या सेकंदातच नुकसान होते.

टर्बो नोझल म्हणजे काय?

ही ० अंशाची धारच असते, पण आतला फिरता भाग तिला अतिशय वेगाने शंकूच्या आकारात फिरवतो. त्यामुळे लालचा मार आणि हिरव्याइतकी रुंदी एकत्र मिळते. शेवाळलेल्या काँक्रीटवर ते साध्या नोझलपेक्षा कितीतरी लवकर काम उरकते. मात्र त्यालाही क्रमांक असतो आणि तो यंत्राशी जुळायलाच हवा. आत चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाची बैठक असते. नोझल आपटले, तर ती तडकते. सुरू करताना टोक खाली जमिनीकडे असावे म्हणजे फिरता भाग बैठकीवर नीट बसतो. लाकूड आणि गाडी यांच्यासाठी ते नाही.

साबण ओढला जात नाही. नोझलचा दोष असू शकतो का?

बहुतेक वेळा तोच असतो. पंपानंतर बसवलेला इंजेक्टर पुढे दाब कमी असेल तरच साबण ओढतो, आणि दाब कमी होतो तो मोठ्या भोकाच्या काळ्या नोझलमुळे. पांढरे नोझल लावून साबणाची नळी बाटलीत सोडली, तर ती कोरडीच राहते. काळे लावूनही ओढ नसेल, तर नळीची जाळी आणि इंजेक्टरमधली लहान गोळी चिकटली आहे का ते पाहावे.

दाट फेसासाठी फोम लान्स (साबणाची बाटली जोडलेली फेस फवारणारी नळी) वापरतात, आणि त्याच्या आत स्वतःचे भोक असते, सहसा १.२५ किंवा १.१ मिलिमीटरचे. कमी प्रवाहाच्या यंत्राला १.१ चे भोक बसवल्यावर पातळ पाण्याऐवजी फेस येऊ लागतो.

सरफेस क्लीनरच्या नोझलचा क्रमांक कसा ठरवावा?

सरफेस क्लीनर म्हणजे फरशी धुण्याचे झाकणासारखे जोडसाधन. त्याच्या फिरत्या दांड्यावर सहसा दोन नोझल असतात आणि पाणी दोघांत वाटले जाते. म्हणून प्रत्येकाचा क्रमांक यंत्राच्या क्रमांकाच्या निम्मा हवा. यंत्राला ४.० लागत असेल, तर २.० ची दोन. दोन्ही एकाच वेळी बदलावीत, नाहीतर दांडा डळमळत फिरतो.

नोझल बदलताना आणि वापरताना कोणता धोका असतो?

यंत्र बंद केले तरी पाइपात दाब अडकून राहतो. म्हणून आधी यंत्र बंद करावे, पाण्याचा नळ बंद करावा, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडावा, ट्रिगरची खिट्टी लावावी आणि मगच नोझल काढावे. नवे नोझल बसवल्यावर कपलिंगची (नोझल अडकवण्याच्या जोडणीची) कडी टक् आवाज करून पुढे सरकते. त्यानंतरही नोझल ओढून पाहावे. अर्धवट बसलेले नोझल पहिल्याच ट्रिगरला गोळीसारखे सुटते.

१३० बारला पाणी नोझलमधून, कागदावरच्या हिशोबाने, सेकंदाला सुमारे १६० मीटर वेगाने निघते. ही धार कातडी भेदून आत जाऊ शकते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण पाणी, साबण आणि जंतू आत पसरलेले असतात आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. अशी जखम झाल्यास ती लहान दिसते म्हणून घरी थांबू नये. ताबडतोब रुग्णालयात जावे आणि उच्च दाबाच्या पाण्याने झालेली जखम आहे, साबण कोणता होता, हे स्पष्ट सांगावे. धार तपासायला बोट पुढे धरणे, पायातल्या चपलेवरचा चिखल उडवणे, या सवयी मोडाव्यात.

धारेचा मागे बसणारा धक्का ८ लिटरच्या यंत्रात सुमारे दोन किलोग्रॅम वजनाइतका आणि १५ लिटर, २०० बारच्या यंत्रात पाच किलोग्रॅमइतका असतो. जमिनीवर तो सहज पेलतो. शिडीवर तोच तोल घालवायला पुरतो.

नोझल झिजले आहे की तुंबले आहे, हे कसे ओळखावे?

तुंबलेले नोझल अचानक बिघडते: काल ठीक होते, आज दाब धडधडतो, पंखा एका बाजूला फाटलेला दिसतो. झिजलेले नोझल हळूहळू बिघडते आणि म्हणून लक्षातच येत नाही. भोकाचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढले, तर दाब सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो.

एक सोपी चाचणी आहे. नोझल लावून २० लिटरच्या बादलीत पाणी सोडावे आणि वेळ मोजावा. मिनिटाला ८ लिटरच्या यंत्राला अडीच मिनिटे लागायला हवीत. बादली वेळेत भरते पण धार दुबळी आहे, तर पंप पूर्ण पाणी देतो आहे आणि भोक मोठे झाले आहे: नोझल बदलावे. बादली उशिरा भरते, तर नोझल काढून पुन्हा मोजावे. आता वेळेत भरली, तर नोझल तुंबलेले होते. तरीही उशीर होत असेल, तर नळाचा प्रवाह, आत येणाऱ्या पाण्याची जाळी आणि अनलोडर तपासावा.

तुंबलेले नोझल काढून संचातल्या बारीक सुईने साफ करावे आणि उलट बाजूने पाणी मारावे. जाड तार किंवा खिळा भोकात घालू नये. कडेवर एक ओरखडा पडला की पंख्यात कायमची चीर दिसते. क्षारांचा थर असेल, तर नोझल काही तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि नंतर स्वच्छ धुवावे.

नोझलचा रंग उडाला आहे आणि आकडाही वाचता येत नाही. ते कोणते हे कसे ओळखू?

आधी भिंगातून आणि तिरप्या उजेडात पाहावे. कोरलेला आकडा मळाने भरलेला असतो आणि ब्रशने घासल्यावर बहुधा दिसतो. तरीही न दिसल्यास कोरड्या काँक्रीटवर टोक ३० सेंटिमीटर उंच, सरळ खाली धरून झटकन एक फेरा मारावा आणि ओल्या पट्ट्याची रुंदी वाळण्याआधी मोजावी: ८ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर १५ अंश, १३ असेल तर २५, २२ असेल तर ४०.

क्रमांकासाठी दाबमापक लागते. ट्रिगर दाबलेला असताना दिसणारा दाब घ्यावा, बादलीने मोजलेला प्रवाह घ्यावा आणि वरच्याच सूत्रात दोन्ही घालावेत. येणारे उत्तर त्या नोझलचा आजचा क्रमांक असतो. जुने नोझल असेल, तर तो कारखान्यातून निघतानाच्या क्रमांकापेक्षा मोठा येतो. संचातल्या ३.० च्या नोझलचे उत्तर ३.४ किंवा ३.५ आले, तर रंग पुन्हा लावत बसण्यात अर्थ नाही. ते टाकून नवे घ्यावे.